माल तिथे कागद

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात डिस्पॅच खातं सांभाळतोय आणि या बावीस वर्षांत माझ्या हातून एकही खोकं चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. (बढाई म्हणूनच सांगतोय, पण तुम्ही तसं समजू नका.) खोकल्याचं औषध जिथे खोकला आहे तिथेच पोहोचलं आणि जुलाबाचं जिथे जुलाब आहेत तिथे. एकदा जरी उलट झालं असतं तर काय हाहाकार माजला असता याचा विचार करा, म्हणजे माझी योग्यता तुमच्या लक्षात येईल.

म्हणून आमचं क्रूझवर जायचं ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "सामानाची काळजी कुणीही करायची नाही. सामान हा माझा प्रांत आहे!"

"म्हणूनच काळजी वाटते," बायको म्हणाली.

तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. देतही नाही सहसा. त्याचे परिणाम वेळोवेळी भोगलेत, तो भाग वेगळा.

आता हे क्रूझचं प्रकरण कुठून निघालं ते सांगतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याच शहराच्या बंदरावर चौतीस वर्षं क्रेन चालवत होते. जमिनीपासून दहा मजले उंच, काचेच्या खोपटात बसून त्यांनी किती जहाजं भरली नि किती रिकामी केली त्याला गणतीच नाही. पण स्वतः जहाजात बसले नाहीत. एकदाही नाही! निवृत्तीच्या दिवशी घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "चौतीस वर्षं जहाजं रवाना केली. एकदा आपणही रवाना व्हावं म्हणतो."

"पुढच्या वर्षी नक्की, अण्णा!" मी म्हणालो.

त्या 'पुढच्या वर्षी'ला आता अकरा वर्षं झाली. एकदा माझं प्रमोशन आलं, एकदा घराचं छत गळायला लागलं, एकदा काहीच नव्हतं आणि तरी गेलो नाही. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. पण रोज सकाळी पेपरातलं जहाजांच्या येण्याजाण्याचं कोपऱ्यातलं वेळापत्रक ते आधी वाचायचे आणि मग पहिलं पान. यंदा त्यांच्या हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, गुडघे अजून वर्षभर साथ देतील, पुढचं सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी तीन तिकिटं काढली. तीन रात्री, चार दिवस, शेजारच्या देशाच्या बंदराला जाऊन परत. मोसमातली ही शेवटची फेरी होती आणि त्यानंतर जहाज वर्षभर दुरुस्तीला जाणार होतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं.

तर सामान. डिस्पॅचमध्ये एक सोन्याचा नियम असतो: माल तिथे कागद! खोक्यावर पारदर्शक पाकीट चिकटवायचं आणि त्या मालाचे सगळे कागद त्यात घालून ते सील करायचं. कागद आणि मालाची एकदा ताटातूट झाली की तो माल पोरका. गोदामात पडून राहतो, कुणी विचारत नाही. म्हणून मी तिघांचे पासपोर्ट आणि तिकिटं पारदर्शक पाकिटात घातली. आदल्या दिवशी तीनदा मोजली. सकाळी आंघोळ करून आलो, पाकिटाला खाकी चिकटपट्टीचे पाच वेढे मारले आणि ते एक नंबरच्या, म्हणजे माझ्या बॅगेत अगदी वर ठेवलं.

"अहो, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहू द्या ना," बायको म्हणाली.

"पर्स? पर्स ही काय कागद ठेवायची जागा आहे? त्यात कंगवा असतो!"

"कंगव्याने पासपोर्टला काय होतं?"

"प्रश्न कंगव्याचा नाही, शिस्तीचा आहे! माल तिथे कागद!"

"आणि माणसं?"

बाईमाणसाला डिस्पॅच कुठवर समजावणार? आज मात्र कबूल करतो, त्या दोन शब्दांत सगळं आलं होतं.

मग लेबलं. लेबलाशिवाय माल म्हणजे नावाशिवाय माणूस. कारखान्यातून मी चांगली ठसठशीत लेबलं आणली होती. एक नंबरच्या बॅगेत काचेची आफ्टरशेव्हची बाटली होती, म्हणून तिला चारी बाजूंनी 'हे टोक वर' आणि बाण. शिवाय अण्णांचे डोळ्यांत घालायचे थेंब याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होते आणि ते थंड ठेवावे लागतात. म्हणून बॅगेवर आमचं खास निळं लेबल: 'थंड जागेत ठेवा', आणि खाली एक पेंग्विन. इंजेक्शनांच्या खोक्यांना लावतो ते! बायकोच्या बॅगेला मी लेबल लावू लागलो तर तिने ती हिसकावून घेतली आणि कडीला जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली. चिंधी! मला बघवेना.

साडेबाराला आम्ही बंदरावर हजर. जहाजाचं दार तीनला बंद होणार होतं, म्हणजे हातात अडीच तास. जहाज धक्क्याला लागून उभं होतं, पांढरंशुभ्र, आमच्या अख्ख्या गल्लीएवढं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"खालून वेगळंच दिसतं रे," ते म्हणाले.

इमारतीच्या बाहेरच हमाल सामान ताब्यात घेत होते. मोठ्या बॅगा त्यांच्याकडे द्यायच्या, त्या परस्पर खोलीत पोहोचतात. काय सुंदर व्यवस्था! मी तिन्ही बॅगा दिल्या आणि बजावलं, "जपून हं! लेबलं वाचा!"

"लेबलं वाचूनच काम करतो साहेब," हमाल म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

रांग सरकत सरकत आमचा नंबर लागायला पावणेदोन वाजले. काउंटरवरच्या बाईंनी हात पुढे केला. "पासपोर्ट?"

मी प्रसन्न हसलो. "मालासोबत!"

"म्हणजे?"

"म्हणजे बॅगेत. एक नंबरच्या. पारदर्शक पाकिटात, सीलबंद."

"आणि बॅग?"

"बॅग तर आम्ही मघाशीच..."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, माझ्या पायाखाली चांगली गुळगुळीत फरशी होती, तीही सरकली.

मी बायकोकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असं हे दुसऱ्यांदा घडत होतं, आणि पहिल्या वेळी तिच्या घशाला सूज होती.

"पासपोर्टचा फोटो चालेल का?" मी फोन बाहेर काढला.

"नाही."

"मी यांना ओळखतो, हे माझे वडील आहेत, असं लिहून दिलं तर?"

"आणि तुम्हाला कोण ओळखतं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तीन वाजता दार बंद होईल. कुणासाठी थांबत नाहीत. ज्यांच्याकडे कागद असतील ते जातील."

अण्णा काठी टेकत पुढे आले. त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर गेला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुनेकडे. हात तसाच खिशावर राहिला.

"बघू," एवढंच म्हणाले.

मी सामानाच्या शेडकडे धावलो. माझ्या मागे बायको, तिच्या मागे काठीची टकटक. तिथे हमालांचा मुकादम एका स्टुलावर बसून लोखंडी पिंजऱ्यांवर देखरेख करत होता. चाळीसएक पिंजरे! प्रत्येकात बॅगांची थप्पी! मी त्याला थोडक्यात सांगितलं. म्हणजे थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण बावीस वर्षांपासून सुरुवात झाली.

"काळी बॅग?" त्याने मधेच विचारलं.

"काळी."

त्याने पिंजऱ्यांकडे हात केला. जगातल्या सगळ्या माणसांनी काळ्याच बॅगा घ्यायचं ठरवलंय, हे मला तेव्हा कळलं. आम्ही शोधायला सुरुवात केली. पंधरा पिंजरे झाले. वीस झाले. बायकोची बॅग लगेच दिसली, लाल चिंधी फडकवत उभी! शेजारी अण्णांची. पण एक नंबर कुठेच नाही. दोन वाजून गेले. माझा शर्ट पाठीला चिकटला.

"अहो दादा, नीट आठवा ना," मी मुकादमाला काकुळतीने म्हणालो. "चारी बाजूंनी बाण आहेत! वर निळं लेबल आहे!"

"निळं? पेंग्विनचं?"

"हो! हो! पेंग्विन!"

"मग ती इथे कशी असेल साहेब? ती थंड मालात गेली. जहाजाच्या स्वयंपाकघराच्या सामानात. लोणी, दूध, फ्लॉवर जातो ना, त्याच्याबरोबर."

"पण ती बॅग होती! तिला चाकं होती!"

"आम्ही लेबल वाचतो साहेब," मुकादम म्हणाला, "चाकं नाही वाचत."

तुम्हाला खरं सांगतो, त्याही अवस्थेत मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. माझ्या खात्यात असा एक जरी माणूस असता!

थंड माल पलीकडच्या धक्क्यावरून चढत होता. तिकडे जायच्या दाराशी सुरक्षारक्षक उभा. रक्षक कसला, दाराचीच दुसरी फळी! प्रवाशांना सक्त मनाई. मी विनवण्या केल्या, ओळखपत्र दाखवलं, औषधांची नावं सांगितली. तो हूं की चूं करेना. घड्याळात सव्वादोन. बायको मागे वळून अण्णांकडे बघायला लागली आणि एकदम तिचा आवाज बदलला.

"अण्णा, छातीवर हात का धरलाय मघापासून? दुखतंय का?"

खरंच की! अण्णांचा हात काउंटरपासून छातीवर होता तो अजून तिथेच. चेहऱ्यावर घाम. फळी एकदम हलली. रक्षकाने कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि मिनिटाभरात एक नर्सबाई चाकांची खुर्ची ढकलत धावत आल्या.

अण्णा काही तरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, दाराच्या पलीकडे एकदा नजर टाकली आणि तोंड मिटलं.

"दुखतंय का आजोबा?" नर्सबाईंनी विचारलं.

"थोडं," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

जहाज गेलं चुलीत! अकरा वर्षं मी या माणसाला झुलवत ठेवलं आणि नेलं तेव्हा दारात आणून छातीत कळ आणली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खुर्चीच्या दांड्याला धरून पळू लागलो. नातेवाईक म्हणून रक्षकाने आम्हा दोघांनाही आत सोडलं.

लांबलचक बोळात अण्णांनी मला खाली वाकायची खूण केली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. म्हटलं, काय ऐकावं लागतंय आता!

"रडू नकोस," ते पुटपुटले. "मला काही झालेलं नाही. प्रथमोपचाराची खोली मालाच्या धक्क्याला लागून आहे. चौतीस वर्षांत तीनदा बोट चेंगरलं होतं, तीनदा याच वाटेने गेलोय."

"अण्णा!"

"हळू! आणि कण्हतोय असं दाखवतो, तू घाबरलेला राहा."

घाबरलेला राहा म्हणे! त्यासाठी मला वेगळे कष्ट घ्यायचे नव्हते.

बोळ संपला आणि आम्ही एकदम उजेडात आलो. समोर धक्का, पलीकडे जहाजाची पांढरी भिंत, मधे काळपट हिरव्या पाण्याची फट. नर्सबाई खुर्ची डावीकडे वळवू लागल्या, आणि त्याच क्षणी क्रेनने एक पॅलेट उचललं. म्हणजे ते माल ठेवायचं फळ्यांचं चौरंगासारखं असतं ना, ते. चारी कोपऱ्यांना साखळ्या, त्यावर लोण्याची खोकी, त्यावर फ्लॉवरच्या पेट्या, आणि सगळ्यात वर, एकटी, ताठ उभी, माझी एक नंबरची बॅग! निळा पेंग्विन उन्हात चमकत होता!

"ती बघा! ती!" मी ओरडलो.

पण उभी म्हणजे कशी उभी? माझं लेबल वाचून! 'हे टोक वर!' त्या आज्ञाधारक लोकांनी बॅग बाणाप्रमाणे उभी केली होती. म्हणजे चाकांवर! पॅलेट वर जात होतं आणि बॅग फ्लॉवरच्या पेट्यांवर इंचभर पुढे, इंचभर मागे सरकत होती. पॅलेट धक्क्याच्या कडेवर आलं. पुढे पाणी होतं. माझ्या आयुष्याचे सगळे कागद त्या पाण्याच्या दिशेने निघाले होते आणि त्यांना चाकं मीच घेऊन दिली होती.

"थांबवा! अहो क्रेनवाले! थांबवा!" मी गळा काढला. इंजिनाच्या धडधडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. बायकोने पर्स उंच करून हलवली. क्रेनच्या काचेच्या खोपटातून आम्ही मुंग्यांएवढे दिसत असणार.

तेवढ्यात माझ्या मागे खुर्ची करकरली.

अण्णा उभे राहिले होते. काठी खाली पडली होती. दोन पावलं पुढे येऊन त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरले, तळवे जमिनीकडे, आणि दोन्ही हात जोरात आत-बाहेर, आत-बाहेर फिरवले.

क्रेन जागच्या जागी थांबली. गचकन!

"आजोबा! झोपा! झोपा आधी!" नर्सबाई किंचाळल्या.

"थांबायची खूण कुणीही केली तरी क्रेनवाल्याने थांबायचं असतं," अण्णा वर बघत म्हणाले. "कुत्र्याला हात असते आणि त्याने केली असती तरी थांबावं लागलं असतं. नियम आहे."

भोंगा वाजला. चारी दिशांनी पिवळ्या टोप्या धावत आल्या. वर पॅलेट पाण्याच्या बरोब्बर वर झुलत होतं आणि बॅगेचं पुढचं चाक पेटीच्या कडेला येऊन टेकलं होतं. अण्णांनी मग एक हात आधी धक्क्याच्या दिशेने लांब केला, मग खाली केला, तर्जनी जमिनीकडे, आणि ते बोटाने हळूहळू बारीक वर्तुळं काढायला लागले. सगळा धक्का त्या एका बोटाकडे बघत होता. पॅलेट मागे सरकलं. खाली आलं. आणखी खाली. अण्णांची मूठ मिटली आणि पॅलेट जमिनीला टेकलं, कुणी झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसं.

ते सगळं बघताना मला पहिल्यांदाच कळलं की माझे वडील चौतीस वर्षं नेमकं काय करत होते.

"खूण कुणी केली?" सुरक्षा अधिकारी गरजले.

"मी," अण्णा म्हणाले. "वरचा नग हलत होता."

अधिकाऱ्यांनी बॅग बघितली. चाकं बघितली. त्यांचा आवाज उतरला. "हे खाली कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर? चाकांची वस्तू उभी कुणी ठेवली?"

"लेबल होतं साहेब," तिथला हमाल म्हणाला. "बाण वर."

"लेबल कुणी लावलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं! मी बॅगेवर झडप घातली, चेन ओढली, पाकीट काढलं. उघडेना! माझीच चिकटपट्टी, माझेच पाच वेढे! नखं लावली, दात लावले. धक्क्यावर चाकू कुणाकडे नव्हता, आणि असता तरी त्या घडीला माझ्या हातात कुणी दिला नसता. शेवटी बायकोने पर्स उघडली आणि कंगवा काढला. कंगव्याचं टोकदार शेपूट पट्टीखाली घातलं आणि टर्रकन पाकीट फाडलं.

"कंगवा असतो पर्समध्ये," ती म्हणाली. एवढंच!

आम्ही पळत सुटलो. अण्णा खुर्चीत, काठी मांडीवर, खुर्ची नर्सबाईंच्या हातात. त्यांचा आता रुग्णापेक्षा शर्यतीत जीव गुंतला होता! बोळ, फळीसारखा रक्षक, शेड, मुकादम, जिना, रांगेचे दोर. काउंटरवर पोहोचलो तेव्हा तीनला सहा मिनिटं कमी होती. बाई टेबल आवरत होत्या.

"पासपोर्ट!" मी पाकीट उपडं केलं.

तिकिटं पडली, दोन. पासपोर्ट पडले. तेही दोन.

मी पाकीट झटकलं. उलटं केलं. आत डोकं घातलं. माझा होता, बायकोचा होता. अण्णांचा नव्हता!

"तू काढलास का?" मी बायकोवर ओरडलो.

"मी तुमच्या मालाला हात तरी लावते का?"

"तीनदा मोजले होते! तीन होते!"

"साहेब, पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं जाऊ शकता."

आम्ही दोघं! ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्यालाच धक्क्यावर ठेवून? मी मटकन खालीच बसलो. मला आठवलं ते पेपरातलं वेळापत्रक. "नाही," मी म्हणालो, "आम्ही नाही जात. अण्णा, मला माफ करा. माझंच चुकलं." आणि खरंच रडायला लागलो, एवढ्या लोकांसमोर.

तेव्हा अण्णांचा हात पुन्हा छातीवर गेला. तो शर्टाच्या खिशात गेला आणि बाहेर आला तो घडी घातलेला रुमाल घेऊन. रुमालात पासपोर्ट होता. पासपोर्टात तिकीट.

"माझे हे आहेत," अण्णा म्हणाले.

काउंटरवरच्या बाई बघतच राहिल्या. "आजोबा, हे मघापासून तुमच्याकडे होते? मग मघाशीच गेला असतात की आत!"

"घाई नव्हती," अण्णा म्हणाले.

ठप्प, ठप्प, ठप्प. तीन शिक्के. "सामान?" बाईंनी विचारलं. "गेलं आत!" मी डोळे पुसत, पूर्वीच्याच आत्मविश्वासाने सांगितलं. आमच्या मागे दार बंद झालं.

जहाज सुटलं तेव्हा आम्ही वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे होतो. धक्का हळूहळू लांब जायला लागला. अण्णा नुसते क्रेनकडे बघत होते. कुणीतरी त्या काचेच्या खोपटाची खिडकी उघडून हात बाहेर काढला होता. अण्णांनीही हात वर केला.

"अण्णा," मी म्हणालो, "पासपोर्ट कधी काढून घेतलात?"

"सकाळी. तू आंघोळीला गेलास तेव्हा. तुझी पद्धत चांगली आहे रे, पण मी काही खोकं नाही."

"मग काउंटरवर का नाही बोललात? तुम्हाला सोडलं असतं आत. अकरा वर्षं वाट बघताय!"

अण्णांनी दोन्ही हात कठड्यावर टेकले. "चौतीस वर्षं वरून पाहिलंय मी," ते म्हणाले. "जहाज सुटतं तेव्हा ज्याचं माणूस धक्क्यावर राहतं ना, तो कठड्याशी उभा राहून समुद्राकडे बघत नाही. मागेच बघतो. तसं जायचं असतं तर मी कधीच गेलो असतो."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मीही दुसरीकडे तोंड फिरवलं, म्हणजे धक्क्याकडे. आणि मला ती दिसली.

रिकाम्या धक्क्यावर, उन्हात, पाकीट काढून घेतल्यावर जिथे सोडली होती तिथेच, ताठ उभी. काळी. चारी बाजूंनी बाण. शेजारी नर्सबाई रिकामी खुर्ची घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघून जोरजोरात हात हलवत होत्या. मला आधी वाटलं, निरोप देताहेत. मग दिसलं की त्या बॅगेकडे बोट दाखवताहेत.

"माझे कपडे!" मी ओरडलो. "चार दिवसांचे सगळे कपडे!" आणि मग त्याहून भयंकर गोष्ट आठवली. "अण्णा! तुमचे थेंब! डोळ्यांचे थेंब त्याच बॅगेत आहेत!"

"नाहीत," अण्णा म्हणाले. त्यांनी पँटच्या खिशातून एक लहानसा थर्मास काढला, त्यातून बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. "तेही सकाळीच काढून घेतले."

बायको माझ्याकडे वळली. तिचा आवाज फार गोड होता, आणि हे लक्षण बरं नसतं.

"अहो, म्हणजे तो पेंग्विन नेमका कशासाठी होता?"

तेव्हापासून मी अण्णांचा पायजमा घालून जेवायला जातोय. तो मला गुडघ्यापर्यंत येतो. बायकोची बॅग आमच्या आधीच खोलीत पोहोचली होती, लाल चिंधीसकट. पण एक गोष्ट मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकतो: बावीस वर्षांत माझा एकही नग चुकीच्या पत्त्यावर गेलेला नाही. हाही गेला नाही. कुठेच गेला नाही.